कोणी एक मेश्राम

आपल्याला इंग्रजी येतं, याबद्दल बुद्धभूषण मेश्रामांना त्या शनिवारपर्यंत कसलीही शंका नव्हती. खडकीला संरक्षण खात्याच्या एका कचेरीत ते ऑफिस सुपरिंटेंडेंट होते, आणि 'दि अंडरसाइन्ड इज डायरेक्टेड टू' अशी सुरुवात करून एकच वाक्य पूर्णविराम न देता दुसऱ्या पानावर नेण्याबद्दल त्यांची ख्याती होती. विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत कुणाला गॅस एजन्सीविरुद्ध तक्रार करायची असो की मुलाच्या व्हिसासाठी पत्र लिहायचं असो, लोक बी-सातची बेल वाजवत. मेश्राम चष्मा पुसत आणि विचारत, "कडक लिहू की नम्र?" एवढं ज्याला विचारता येतं त्याला इंग्रजी येतं, असा सोसायटीचा समज होता आणि मेश्रामांचाही.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. त्यांची मुलगी निकिता कल्याणीनगरच्या पलीकडे एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरचं काम करू लागली होती. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे स्वीडनहून एक इंजिनिअर बाई आल्या आहेत. हॉस्पिटलच्या मशीनचं मॅन्युअल लिहितात, इंग्रजीत. हेड ऑफिसनं ते परत पाठवलं. म्हणे, आर्टिकल्स सगळी चुकलीत. शिवाय शेवटी त्यांना सगळ्यांपुढे प्रेझेंटेशन द्यायचंय, त्याचं टेन्शन वेगळंच. मी सांगून टाकलं, माझे बाबा शिकवतील."

"काय शिकवतील?"

"ए, ॲन, द. तेवढंच हो."

हे 'तेवढंच' मेश्रामांना फार आवडलं. इतकं की ते सत्यशीलाबाईंना म्हणाले, "युरोपातून माणसं शिकायला यायला लागली आता." सत्यशीलाबाई पतसंस्थेत हिशेब बघायच्या, उगाच कुठल्याही रकमेला फुगू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणाल्या, "आधी येऊ तर द्या."

शनिवारी ती आली. उंच, गंभीर चेहऱ्याची, हातात सँडल घेऊनच दारात उभी. चपला बाहेर काढाव्या लागतात हे तिला सांगावं लागलं नाही, त्यांच्याकडेही काढतात म्हणे. सत्यशीलाबाईंचं तिच्याबद्दलचं मत उंबऱ्यातच चांगलं झालं. नावाची थोडी अडचण होती. लिहायचं केर्स्टिन आणि म्हणायचं शेष्टिन. वरच्या मजल्यावरच्या प्रेमलाताईंनी जिन्यात एकदा ऐकलं आणि तेव्हापासून त्या तिला षष्ठी म्हणू लागल्या. मेश्रामांना शाळेतली षष्ठी विभक्ती आठवली आणि व्याकरणाच्या कामाला हा शकुन वाईट नाही असं वाटून गेलं.

धडा सुरू झाला. "तुमच्याबद्दल सांगा," मेश्राम म्हणाले.

"आय ॲम इंजिनिअर," शेष्टिन म्हणाली.

"ॲन इंजिनिअर," मेश्राम प्रसन्नपणे म्हणाले. "स्वर आला की ॲन."

"ते माहीत आहे. पण मुळात लावायचंच कशाला? स्वीडिशमध्ये मी इंजिनिअर आहे. संपलं."

मेश्रामांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की मराठीतही मी इंजिनिअर आहे म्हटलं की संपतं. तिथं 'एक' लावला तर ऐकणारा विचारील, बाकीचे किती आहेत? ते म्हणाले, "इंग्रजीत तशी पद्धत आहे." सरकारी नोकरीत हे उत्तर पुरेसं असतं. शेष्टिनला ते पुरलं नाही.

मग ती म्हणाली, "द लाइफ इज शॉर्ट." मेश्राम म्हणाले, इथं 'द' नको. का नको? कारण आयुष्य ही सर्वसाधारण गोष्ट आहे. मग सूर्य? सूर्याला 'द' लागतो, कारण तो एकच आहे. आयुष्यं किती असतात, मिस्टर मेश्राम? मेश्राम म्हणाले, चहा घ्या.

तिच्या भाषेचा प्रकार आणखीनच निराळा निघाला. त्यांच्याकडे 'द' शब्दाच्या पुढे नसतो, शेपटीला असतो. 'हूस' म्हणजे घर आणि 'हूसेत' म्हणजे ते, आपलं ठरलेलं घर. मेश्राम सरसावून बसले. "हा तर प्रत्यय झाला! आमच्याकडे घरात, घराला, घराचा. सगळं मागेच." दोघांनाही फार आनंद झाला. एवढ्यात तिनं सांगितलं की घराला जुनं, मोठं असं काही विशेषण लावलं तर मात्र 'ते' पुढेही लावायचं आणि मागेही. "म्हणजे मूळ प्रतीवरही शिक्का आणि छायाप्रतीवरही," मेश्राम म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना स्वीडनबद्दल आपुलकी वाटली.

पण प्रश्न होता तो तसाच होता. जिच्या भाषेत हा शब्द मागे चिकटतो तिला, ज्याच्या भाषेत तो नाहीच असा माणूस, तो पुढे कधी लावायचा हे शिकवणार होता. मेश्रामांनी अप्पा बळवंत चौकात जाऊन जाडजूड व्याकरण आणलं. त्यात अर्धं पान नियम आणि पुढची पाच पानं अपवाद. शेष्टिननं पुण्याचा नकाशा पुढे ठेवून विचारलं, स्वारगेटला 'द' लागतो? नाही. खडकीला? नाही. मुठेला? लागतो, नद्यांना लागतो. सिंहगडाला? नाही. डेक्कनला? इथं मेश्राम अडकले. पुस्तकात दख्खनच्या पठाराला 'द' होता. पण बसमध्ये 'द डेक्कन एक द्या' म्हणणाऱ्याला कंडक्टर तिकीट देईल की खाली उतरवील, हे पुस्तकात दिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी स्वतःच एक नियम बसवला. "समजा, ऐकणाऱ्याला माणूस ठाऊक नाही. मग 'ए'. कोणी एक. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळेपासून 'द'. तो, तोच तो." हे शेष्टिनला एकदम पटलं. ती इकडेतिकडे बघून वाक्यं करू लागली. ए टेबल, द टेबल. ए फॅन, द फॅन. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तिनं विचारलं, "देअर इज ए मॅन इन ब्लू सूट?"

"द मॅन," मेश्राम म्हणाले.

"पण मला ओळख नाही. पहिलीच वेळ आहे."

"तरीही द."

तेवढ्या एका ठिकाणी त्यांना नियम शोधावा लागला नाही. मग धडा बाजूला ठेवून ते बराच वेळ बोलले. भंडाऱ्याचं गाव, छप्पन्न साल, त्याच्या पुढच्या वर्षी झालेल्या मुलाचं नाव बुद्धभूषण कसं ठेवलं, सगळं. शेष्टिन मान हलवत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "येस. द मॅन."

इथंच सगळं थांबलं असतं तर मेश्रामांच्या बाबतीत पुढे झालं ते झालं नसतं. पण शिक्षक म्हटला की गृहपाठ आलाच. मेश्रामांनी सांगितलं, रस्त्यावर, जिन्यात, जिथं इंग्रजी दिसेल तिथं वाचा आणि आर्टिकल कुठं गळलंय ते हुडका. शेष्टिन सरळ मनाची बाई. पुढच्या शनिवारी ती लवकर आली, जिन्याखाली सोसायटीच्या फलकापाशी उभी राहिली आणि लाल पेनानं तिनं सगळ्या नोटिसा तपासून टाकल्या. पाण्याच्या वेळेच्या नोटिशीत चार 'द' घातले, पार्किंगच्या नोटिशीतले दोन काढले, आणि 'मेंबर शुड नॉट थ्रो गार्बेज फ्रॉम दि बाल्कनी' याच्यापुढे समासात लिहिलं, 'कोणता मेंबर?'

सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर करमरकर संध्याकाळी बी-सातला आले. बसा म्हटल्यावर बसले नाहीत, यावरून प्रकरण गंभीर असल्याचं कळत होतं.

"मेश्राम साहेब, फलक लागल्यापासून आमच्या नोटिसा कुणी वाचल्या नव्हत्या. आपल्या पाहुणीनं वाचल्या, त्याबद्दल आभार. पण मार्क देण्याची पद्धत आपल्याकडे नाही."

"चूक माझी आहे, करमरकर. गृहपाठ होता."

"म्हणजे क्लास चालतो. निवासी सदनिकेत क्लास चालवायला बंदी आहे. तशी नोटीसही आहे. तीही तपासली गेलीय, बघून घ्या."

मेश्रामांनी सांगितलं की फी घेत नाही, एकच विद्यार्थिनी आहे, याला क्लास म्हणत नाहीत. करमरकर म्हणाले, नियमात 'ए क्लास' म्हटलंय. एकसुद्धा चालत नाही. मेश्राम म्हणाले, 'ए'चा अर्थ तिथं तसा नाही. करमरकर म्हणाले, मग कसा आहे? यावर मेश्रामांनी जे स्पष्टीकरण दिलं ते ऐकून करमरकर शेवटी खरंच बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "इतकं अवघड असेल तर शिकवा बापडे. पण परदेशी व्यक्तीचं येणंजाणं आहे. आपण संरक्षण खात्यात. ऑफिसला कळवलंत ना?"

मेश्रामांनी कळवलं नव्हतं. प्रेमलाताईंनी जिन्यातूनच सल्ला दिला, कशाला कळवायचं, विचारलं की सांगायचं. हा सल्ला ऐकायला हवा होता. पण करमरकरांनी शंका काढल्यावर मेश्रामांना झोप येईना, आणि सोमवारी त्यांनी आपल्या उत्तमोत्तम इंग्रजीत अर्ज केला: दि अंडरसाइन्ड हा एका स्वीडिश नागरिकाला, कोणताही मोबदला न घेता, आर्टिकल्सच्या बाबतीत साहाय्य करीत आहे, तरी परवानगी असावी.

आता, ज्या कचेरीत आयुष्यभर पेट्या, खिळे, ताडपत्र्या आणि कुलपं यांची मोजदाद होते, तिथं आर्टिकल म्हणजे माल. दोन दिवसांत मेमो आला. परदेशी नागरिकास पुरवण्यात येत असलेल्या आर्टिकल्सचं वर्णन, नग, आणि ती भांडारातली आहेत किंवा कसे, हे तातडीनं कळवावं.

मेश्रामांनी त्याच दिवशी कागद पुढे ओढला. त्यांनी उत्तर दिलं की आर्टिकल्स तीनच आहेत: ए, ॲन आणि दि. यावर कागद परत आला. सदर तीनही वस्तूंचे भांडार क्रमांक द्यावेत. खात्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी यायचे बंद झाले. एकानं तर कानात सांगितलं, "मेश्राम, जे नेलं असेल ते गुपचूप परत ठेवा."

तीन वर्षांनी बढती व्हायची होती, निकिताचं लग्न व्हायचं होतं, आणि चौकशीत नाव आलेला माणूस म्हणून आपण निवृत्त होणार, असं चित्र मेश्रामांना दिसू लागलं. जेवतानाही ते पुढच्या उत्तराचा मसुदा पुटपुटत होते. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अहो, लिहून लिहून वाढवताय कशाला? जाऊन तोंडी सांगा." इतक्या वर्षांच्या नोकरीत हा मार्ग त्यांना सुचला नव्हता.

सुरक्षा विभागाचे रंगराव निंबाळकर कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मेश्राम, म्हणजे हे शाळेतलं ए, ॲन, द?"

"होय साहेब."

"मग व्याकरण लिहायचं की! ग्रामर! मी इथं वरपर्यंत कळवायच्या बेतात होतो."

परवानगी मिळाली. लेखी. त्यात अट होती की शिकवणं नमूद केलेल्या तीन आर्टिकल्सपुरतंच मर्यादित राहील आणि चौथं आर्टिकल शिकवण्यापूर्वी नव्यानं मंजुरी घ्यावी लागेल. मेश्रामांनी तो कागद शेष्टिनला दाखवला. ती न हसता म्हणाली, "चौथं आहे?"

प्रेझेंटेशनचा दिवस आला. शेष्टिननं गळ घातली होती की तुम्ही समोर बसा, चुकले तर मान हलवा. मेश्रामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, भाच्याच्या लग्नातलं ब्लेझर घातलं आणि रिक्षानं काचेच्या इमारतीच्या गेटवर पोचले. तिथं दशरथ नावाचा गार्ड होता. त्यानं पास काढला, मेश्रामांचं ओळखपत्र पाहिलं आणि ते परत केलं.

"साहेब, हा पास तुमचा नाही. पास ए. मेश्राम यांचा आहे. तुम्ही बी. मेश्राम."

झालं होतं ते असं. शेष्टिननं कंपनीच्या सुरक्षा विभागाला ई-मेल केला होता: 'प्लीज अलाऊ ए मिस्टर मेश्राम टू एंटर.' गार्डला मेश्राम ठाऊक नाहीत, पहिलाच उल्लेख, म्हणून 'ए'. नियमाला धरून. वाईट याचं की इंग्रजी अगदी बरोबर होतं. पास छापणाऱ्या माणसानं मात्र तो 'ए' उचलून नावाला लावला होता.

मेश्राम म्हणाले, "हा ए म्हणजे नाव नव्हे. हे आर्टिकल आहे. ए मेश्राम म्हणजे कोणी एक मेश्राम."

"कोणी एकाला आत सोडता येत नाही, साहेब."

"अहो, तो कोणी एक म्हणजे मीच!"

"मग तसं लिहायला पाहिजे होतं त्यांनी."

एवढ्याच कामासाठी भाषेत 'द' आहे, हे मेश्रामांना त्या दिवशी गेटवर उन्हात उभं राहून जितकं कळलं तितकं त्या जाड पुस्तकातून कळलं नव्हतं. दशरथनं वर फोन लावला. निकिता जागेवर नव्हती. कुणीतरी शेष्टिनला निरोप दिला आणि तिनं व्यासपीठावर चढता चढता घाईनं दुसरा ई-मेल टाकला. आता दुसरा उल्लेख. त्यामुळे नवा पास निघाला तो 'मिस्टर द मेश्राम' यांच्या नावाचा.

दशरथनं तो उलटसुलट करून पाहिला. "हे डी. मेश्राम का टी. मेश्राम? तुमच्या घरातले बरेच लोक येणार आहेत का?"

मेश्रामांनी ब्लेझर काढून हातावर घेतलं. आत प्रेझेंटेशन सुरू झालं असणार. ज्यांच्या सहीनं खडकीच्या कचेरीत ट्रक आतबाहेर करायचे, त्यांना साध्या एका फाटकातून जाता येत नव्हतं. मागून येणारी पोरं गळ्यातली कार्डं दाखवून भराभर आत जात होती आणि ब्लेझरवाल्या काकांकडे दयेनं बघत होती. बऱ्याच वेळानं निकिता धावत खाली आली. तिनं रजिस्टरमध्ये सही केली, आणि मेश्राम आत गेले ते 'निकिता मेश्राम यांचे वडील' म्हणून. त्या नोंदीत त्यांना नावच नव्हतं.

हॉलमध्ये पोचले तेव्हा टाळ्या चालू होत्या. कार्यक्रम संपला होता. मेश्रामांनी शेजारच्या मुलाला विचारलं, "कसं झालं?"

"मस्त बोलल्या."

"आर्टिकल्स बरोबर होती?"

"आर्टिकल? नाही, त्यांनी आर्टिकल नाही दाखवलं, स्लाइड्स होत्या."

आणखी दोघांना विचारलं. क्लिअर होतं, एकदम क्लिअर, असं दोघं म्हणाले. एवढ्या भरल्या हॉलमध्ये 'द' कुठं पडला आणि कुठं राहिला हे सांगू शकेल असा माणूस मेश्रामांना सापडेना. निकिताकडे वळले तर ती म्हणाली, "बाबा, मला कुठं कळतं! म्हणून तर तुमच्याकडे पाठवलं."

शेष्टिन गर्दीतून वाट काढत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिनं आधी चांगली बातमी सांगितली. हेड ऑफिसनं मॅन्युअल पास केलं होतं, सगळी आर्टिकल्स ठीक होती. मेश्रामांचा जीव भांड्यात पडला. मग ती म्हणाली, "पण आज सुरुवातीला फार वाईट झालं. मी नियमानं बोलत होते. प्रत्येक शब्दाआधी थांबत होते. ए की द, ए की द. लोक मोबाइल बघायला लागले. मग मी ठरवलं, मिस्टर मेश्राम बोलतात तसं बोलायचं."

"मी कसा बोलतो?"

"तुम्ही लावतच नाही ना." तिनं सहज सांगितलं. "फक्त शिकवताना आणि कागदावर लावता. बोलताना तुम्ही म्हणता, ओपन डोअर, टेक चेअर, टी इज कमिंग. एक शब्द जास्त नाही. मी तसंच बोलले. सगळ्यांना समजलं."

तिला ती प्रशंसाच वाटत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून स्वच्छ दिसत होतं. मेश्राम 'थँक यू' म्हणाले. हातातल्या कागदी बशीतला सामोसा तसाच राहिला.  परतीच्या रिक्षात ते मनातल्या मनात सकाळपासूनची आपली सगळी इंग्रजी वाक्यं तपासत होते. रिक्षावाल्याला नाही, पण गार्डला दोन म्हटली होती. दोन्हीत 'द' नव्हता.

रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी सत्यशीलाबाईंना सगळं सांगितलं. गेट, ए. मेश्राम, द मेश्राम, आणि शेवटचं ते वाक्य. सांगताना आवाज जरा खाली गेला.

"इतके शनिवार शिकवलं आणि बाई शिकल्या काय, तर माझ्या चुका."

सत्यशीलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हणजे लिहिताना तुम्ही शिकवलं तसं लिहिलं, आणि बोलताना तुम्ही बोलता तशी बोलली?"

"हो."

"आणि दोन्ही पास झालं?"

मेश्राम विचार करू लागले. एखाद्या कागदात पळवाट शोधावी तसा त्यांनी हा हिशेब वरून खाली, खालून वर तपासला. मग त्यांनी ताट जरासं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वरण वाढ."

कोणतं आणि किती, हे सत्यशीलाबाईंनी न विचारताच वाढलं.